साबणात चरबी कसली?

गेल्या हिवाळ्यात आमच्या बचत गटाने तालुक्याच्या एका प्रदर्शनात घरी केलेल्या साबणाचा स्टॉल लावला होता. गटात आम्ही अकरा जणी, सात मुसलमान आणि चार हिंदू. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे वड्यांवरच्या चिठ्ठ्या लिहिणे आणि गिऱ्हाइकांशी बोलणे ही कामे माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी दुपारी एक वयस्कर बाई आल्या. त्यांनी वडी हातात घेतली, वास घेतला, किंमत विचारली. तेवढ्यात मागे बसलेली बुरख्यातली माझी जाऊ त्यांना दिसली. त्यांनी वडी खाली ठेवली आणि विचारले, "यात चरबी कसली हो घालता?"

मी म्हटले, "मावशी, चरबी नाहीच. खोबरेल आणि एरंडेल आहे."

"असं सगळेच म्हणतात," म्हणत त्या निघून गेल्या.

तासाभराने आमच्याच मोहल्ल्यातले एक चाचा आले. त्यांनीही वडी उलटसुलट करून पाहिली आणि हळूच विचारले, "बेटा, इसमें हराम चर्बी तो नहीं ना?"

मावशींच्या प्रश्नाचा मला राग आला होता, चाचांच्या प्रश्नाचे हसू आले. रात्री घरी आल्यावर वाटले, असे का व्हावे? प्रश्न तर एकच होता. दोघांनाही आपल्या अंगाला काय लागते आहे ते माहीत हवे होते. आणि खरे सांगायचे तर मला त्याचे पूर्ण उत्तर देता आले नव्हते. खोबरेल दुकानातून आणलेले, कॉस्टिक सोडा हार्डवेअरच्या दुकानातून, सुगंध एका छोट्या बाटलीतून. त्या बाटलीवर फक्त 'चंदन' असे लिहिलेले. तेव्हापासून मी साबणात पडणाऱ्या एकेका जिनसाचा माग काढायला लागले. हा लेख म्हणजे त्या शोधाचा हिशेब आहे.

सुरुवात घराजवळून करते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी 1600 पासून 700 पर्यंत, म्हणजे सुमारे नऊशे वर्षे तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभराहून अधिक घरांचे अवशेष सापडले, धान्याचे कोठार सापडले, नदीचे पाणी वळवणारा पाट सापडला. 1988 साली आलेल्या उत्खननाच्या अहवालावर तीन नावे आहेत: मधुकर ढवळीकर, हसमुख सांकलिया आणि झेड. डी. अन्सारी. पहिली दोन नावे आमच्याकडच्या शिक्षकांना पाठ असतात. तिसरे मात्र बहुतेकांना माहीत नसते. अन्सारी साहेब नेवाशाच्या उत्खननात होते, चांडोलीच्याही होते. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांची माहिती आपल्याला ज्यांच्यामुळे मिळाली, त्यांत ते आहेत. वर्गात इनामगावचा धडा आला की मी तिन्ही नावे फळ्यावर लिहिते.

त्या वस्तीत कुंभार, सोनार, चुना करणारे अशा कारागिरांच्या घरांच्या खुणा मिळाल्या. पुढारी वस्तीच्या मधल्या भागात राहत असावा आणि कारागीर पश्चिमेच्या कडेला. मला या यादीतला चुना करणारा महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे नदी-ओढ्यांच्या काठाला चुनखडीचे खडे मिळतात. ते भट्टीत भाजले की कळीचा चुना होतो, त्यावर पाणी टाकले की तो उकळ्या मारत विरतो. जमीन सारवायला, भिंतीला, पुढच्या काळात विड्याला, सगळीकडे हाच चुना. इनामगावचे लोक साबण करत होते असे मी म्हणत नाही, तसा कोणताही पुरावा नाही. पण साबणाला लागणाऱ्या एका जिनसाची विद्या घोडेच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वी होती, एवढे म्हणता येते.

साबणाला चुना कशाला, असे तुम्ही विचाराल. साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि तीव्र खार यांचा संयोग. आज तो खार कॉस्टिक सोड्याच्या रूपाने पिशवीत विकत मिळतो. पूर्वी तो करावा लागे. सज्जीखार, म्हणजे ज्यात मुख्यतः धुण्याचा सोडा असतो तो खार, पाण्यात विरघळवायचा आणि त्यात विरवलेला चुना घालायचा. खडूसारखा गाळ तळाला बसतो आणि वर जी निवळी राहते ती कातडी जाळण्याइतकी दाहक असते. हाच घरगुती कॉस्टिक. त्यात तेल घालून तासन् तास शिजवायचे, शेवटी मीठ टाकायचे, की साबण वर येऊन जमतो आणि खारट पाणी खाली राहते. नुसत्या लाकडाच्या राखेचे पाणी घेतले तर साबण मऊ, लापशीसारखा होतो, कारण त्या राखेत सोड्यापेक्षा पोटॅश जास्त. आपल्या आज्या तेलकट भांडी राखेने घासत तेव्हा भांड्यावर किंचित साबणच तयार होत असे.

हा सज्जीखार कुठून यायचा? सिंध आणि पंजाबच्या खारट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती जाळून. अरब जगातही तेच. अशा वनस्पतींच्या भाजलेल्या राखेला अरबीत 'कली' म्हणतात. त्याला 'अल' लागून 'अल्कली' झाले आणि तो शब्द युरोपच्या रसायनशास्त्रात गेला. पोटॅशियमची खूण 'के' का, असे मुले विज्ञानाच्या सरांना विचारतात. ती 'कॅलियम'वरून आली, आणि कॅलियम याच 'कली'वरून. साबण हा शब्दही अरबी 'साबून'चा. हलब म्हणजे अलेप्पो इथे ऑलिव्ह आणि लॉरेलच्या तेलाचा साबण होतो, पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसला ऑलिव्ह तेल, पाणी आणि खार एवढ्या तीनच जिनसांचा. 2024 च्या डिसेंबरात युनेस्कोने या दोन्ही परंपरा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतल्या. ही बातमी आली तेव्हा या दोन्ही भूमींवरून दुसऱ्या बातम्याही येत होत्या, त्या मी इथे सांगायला नकोत.

पण खारासाठी सिंधला जायची गरज नव्हती. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात लोणार आहे. उल्का पडून काळ्या खडकात झालेले, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचे विवर आणि त्यात सोड्याचे खारे पाणी. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर खाराचे थर जमत. लोणारचे लोक त्याच्या जाती ओळखत: दल्ला, पापडी, भुस्की. अबुल फझलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आइन-ए-अकबरी' लिहिली. तिच्यात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख आहे. इथल्या डोंगरांत काच आणि साबण करायला लागणारे सगळे जिन्नस मिळतात आणि सोऱ्याच्या कामावरच्या जकातीतून सरकारला चांगले उत्पन्न होते, असे तो नोंदवतो. साबण इंग्रजांबरोबर आला असे आपण सहज बोलून जातो. अकबराच्या दरबारातल्या माणसाला मात्र साबणाचा माल वऱ्हाडात कुठे मिळतो ते माहीत होते. आज लोणार संरक्षित आहे, 2020 मध्ये त्याला रामसर दर्जाही मिळाला. तिथला खार आता कोणी काढत नाही आणि काढूही नये.

खाराचे नशीब फ्रान्समध्ये पालटले. 1791 साली निकोला लब्लांने साध्या मिठापासून सोडा करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यानंतर राख, खारवनस्पती, लोणारची पापडी यांचे मोल उतरत गेले. आमच्या पिशवीतला कॉस्टिक सोडाही मिठाच्या पाण्यातूनच निघतो, फक्त आता विजेच्या साहाय्याने. म्हणजे खारापुरते मावशींना आणि चाचांना माझे उत्तर ठाम आहे. तो मिठाचा आहे, कोणत्याही प्राण्याचा नाही.

खरा प्रश्न तेलाचा आहे. युरोपच्या उत्तरेला ऑलिव्ह पिकत नाही, तिथे साबणाला गुराढोरांची चरबी वापरत. एकोणिसाव्या शतकात तिकडचा साबण हिंदुस्थानात येऊ लागला. 1879 मध्ये मेरठला नॉर्थ वेस्ट सोप कंपनीचा कारखाना निघाला, 1888 मध्ये लिव्हर बंधूंच्या सनलाइटच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. हा देश 1857 पाहिलेला देश होता. काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे या बातमीने हिंदू आणि मुसलमान शिपाई एकत्र बिथरले होते. काडतूस दाताने तोडायचे होते, साबण अंगाला लावायचा. शंका तीच होती.

त्या शंकेला मुंबईच्या एका पारशी कारखानदाराने उत्तर दिले. अर्देशिर गोदरेज यांची कीर्ती कुलपांमुळे होती. त्यांनी जनावरांच्या चरबीशिवाय, वनस्पती तेलांपासून साबण करायचे ठरवले आणि 1918 साली 'चावी' नावाची धुण्याच्या साबणाची वडी आणली. पुढे अंगाचा साबण काढला त्याला आधी 'नंबर 2' नाव दिले आणि नंतरच्याला 'नंबर 1'. दोन नंबर इतका चांगला तर एक नंबर कसा असेल, असे गिऱ्हाइकाने म्हणावे हा त्यात हिशेब. रवींद्रनाथ टागोरांनी या साबणाची शिफारस केली. हिंदूंना गाईची चरबी नको होती, मुसलमानांना डुकराची नको होती आणि दोघांसाठी नारळ चालत होता. जैनांना तर कुठलीच चरबी नको. या साऱ्यांच्या सोवळ्यातून आणि परहेजमधून देशातला एक मोठा उद्योग उभा राहिला.

प्रश्न तिथे मिटला नाही. 1983 साली वनस्पती तुपात गाईच्या चरबीची भेसळ झाल्यावरून देशभर गदारोळ झाला आणि चरबीच्या आयातीवर बंदी आली. ती आयात मुख्यतः साबणासाठी होत असे. मी तेव्हा खूप लहान होते, पण अम्मी सांगते की त्या दिवसांत शेजारच्या काकूंनी आणि तिने मिळून डालड्याचा डबा बंद केला होता. दोघींनी एकाच दिवशी. आज कारखान्याच्या साबणात प्रामुख्याने इंडोनेशिया आणि मलेशियातून येणारे पामतेल असते. वेष्टनावर बारीक अक्षरात ते वाचता येते. 'सोडियम पामेट' म्हणजे पामतेल, 'सोडियम कोकोएट' म्हणजे खोबरेल, 'सोडियम टॅलोवेट' म्हणजे गुरांची चरबी, 'सोडियम लार्डेट' म्हणजे डुकराची. टीएफएम असे लिहून आकडा असतो, तो साबणातल्या एकूण स्निग्धांशाचा. 76 टक्क्यांपासून पुढे पहिली प्रत, 70 पासून दुसरी, 60 पासून तिसरी. हे चार शब्द आणि तीन आकडे पाठ केले तर अर्ध्या अफवा आपोआप गळून पडतील.

तेलाची आपली गोष्ट घाण्याची आहे. कोकणात शतकानुशतके घाणा चालवणारे बेने इस्राएल होते. ते यहुदी, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. त्यांच्या घाण्याचे तेल हिंदू घरात दिव्याला जाई आणि मुसलमान घरात कढईत पडे. तेल्याचा धर्म कोणता, हे माहीत असूनही तेल घेतले जात होते. ते वाचताना मला प्रदर्शनातली खाली ठेवलेली वडी आठवली.

आता साबणाच्या आधीची गोष्ट. आपल्याकडे साबण दुर्मिळ असला तरी फेस दुर्मिळ नव्हता. रिठा होता, शिकेकाई होती. यांत ना तेल ना खार, त्यांच्या फळा-शेंगांतच फेस करणारे सॅपोनिन असते. रिठ्याच्या झाडाचे शास्त्रीय नाव 'सॅपिंडस' आहे, त्याचा अर्थच 'हिंदी साबण'. रिठ्याने सोनार दागिने उजळतात, रेशमी साड्या आणि लोकर धुतात. आणि शाम्पू हा शब्द आपल्या चंपीचा भाऊ. पाटण्यात 1759 साली जन्मलेले शेख दीन मुहम्मद कंपनीच्या फौजेबरोबर राहिले, पुढे इंग्लंडला गेले आणि ब्रायटनच्या समुद्रकाठी वाफेचे स्नान आणि चंपीचे घर काढले. इंग्लंडच्या राजाने त्यांना 'शाम्पूइंग सर्जन' नेमले. इंग्रजांना चंपी आवडली, पुढे शब्द मालिशवरून बाटलीवर गेला.

फेस देणारे आणखी एक झाड आहे, त्याबद्दल लिहिताना हात थोडा थांबतो. ते बोरीचे. पैगंबर (स.) यांच्या कन्येच्या निधनानंतर तिला पाणी आणि बोरीच्या पाल्याने अंघोळ घालावी आणि शेवटच्या पाण्यात कापूर घालावा, अशी सूचना हदीसमध्ये आहे. म्हणून आजही मय्यतच्या गुस्लला आपण बोरीचा पाला उकळतो. माझी नानी गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. पाला आणायला मामू गेले ते शेजारच्या पाटलांच्या बांधावर. पाटलांनी स्वतः फांदी तोडून दिली. मोठ्या पातेल्यात पाला उकळला आणि पाण्यावर पातळसा फेस आला, तो मला अजून दिसतो. इनामगावच्या उत्खननात गहू, जव, कुळीथ, मसूर यांच्या जळक्या दाण्यांबरोबर बोराच्या बियाही मिळाल्या आहेत. तेव्हाही घोडेच्या काठाला बोरी होत्या आणि लोक बोरे खात होते.

सुगंध आणि रंगाबद्दल थोडक्यात सांगते. मुलतानी मातीच्या नावात मुलतान आहे, पण आपल्याकडे विकली जाणारी बरीचशी राजस्थानच्या बारमेर-बिकानेर भागातून येते. अत्तराची खरी परंपरा कनौजची. तिथे फुलांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. स्वस्त अत्तरात चंदनतेलाऐवजी दुसरेच द्रावण असते, आणि आमच्या 'चंदन' लिहिलेल्या बाटलीत चंदन नव्हते हे किमतीवरूनच मला कळायला हवे होते. हळदीच्या साबणाची वेगळीच गंमत झाली. पिवळी वडी होईल म्हणून हळद टाकली तर मिश्रण लालभडक. आम्ही घाबरलो. गटातल्या एक वहिनी हसून म्हणाल्या, "अगं, हळदीला चुना लागला की कुंकू होतं, माहीत नाही का?" खाराने हळद लाल होते, चुन्याने काय आणि कॉस्टिकने काय.

घाबरण्याचा खरा प्रसंग आधीच होऊन गेला होता. पहिल्याच वेळी मी जर्मनच्या पातेल्यात कॉस्टिक कालवला. पातेले फसफसले, काळे पडले, नाकात झोंबणारी वाफ निघाली. मुले अंगणात होती म्हणून बरे. ज्यांना घरी करायचे आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लॅस्टिकचे घ्या, जर्मनचे कधीही नाही. कॉस्टिक पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर ओतायचे नाही. हातमोजे आणि चष्मा घाला, मुलांना दूर ठेवा. माप चमच्याने नाही, वजनकाट्याने घ्या. एक किलो खोबरेलाला साधारण 183 ग्रॅम कॉस्टिक लागतो, ऑलिव्हला 135, एरंडेलाला 128. म्हणून तेल बदलले की कृती बदलते. या आकड्यापेक्षा निदान पाच टक्के कमीच घ्या, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहील आणि कातडी जळणार नाही. वड्या कापून चार ते सहा आठवडे हवेत सुकू द्या. गटारे साफ करायला मिळतो तो कॉस्टिक घेऊ नका, त्यात दुसरेही काही मिसळलेले असू शकते.

प्रदर्शनानंतर आणखी एक गोष्ट कळली. अंगाचा साबण विकायला परवाना लागतो. आम्हाला ते माहीत नव्हते, ती आमची चूक. म्हणून सध्या विक्री बंद आहे, साबण घरापुरता आणि नात्यागोत्यापुरता होतो. परवान्याचे कागद जमवतो आहोत.

दरम्यान मी नवी चिठ्ठी लिहून ठेवली आहे. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला उर्दूत, मजकूर तोच: खोबरेल, एरंडेल, पाणी, मिठापासून केलेला कॉस्टिक सोडा, हळद. कोणत्याही प्राण्याची चरबी नाही. सुगंध नाही. तेल कोणत्या घाण्याचे तेही लिहिले आहे. मावशी पुन्हा भेटल्या तर त्यांना सांगेन की विचारलेत ते बरे केलेत. फक्त एवढेच मागेन की तो प्रश्न दुकानातल्या प्रत्येक वडीला विचारा, मागे बसलेल्या बाईकडे पाहून नको. चाचांनाही हेच सांगायचे आहे. ते तर रोज भेटतात.